सात न फोडलेली पाकिटं

(झाशी. भगिनी मंडळाचा हॉल, दुपारचे साडेतीन. तीन दिवसांची बैठक नुकतीच उठली आहे. भिंतीभर रंगीत चिठ्ठ्या. मागे उरलेली तिघं: मंडळाच्या चिटणीस इंदूताई, बबीन्याच्या माजी सैनिक संघाचे निवृत्त सुबेदार नामदेव आणि इंदूताईंच्या भावाची नात कांचन.)

कांचन : आता खिळ्याचं काय झालं, आजी?

इंदूताई : टिकायचा नाही खिळा त्या भिंतीत. जुना चुना आहे. एवढा मोठा फळा लावाल आणि उद्या कुणाच्या डोक्यात पडेल. मग त्यालाच पहिली व्हीलचेअर द्यायची का?

सुबेदार : ताई, खिळा न्हाईच ठोकत. चार बोल्ट मारतो. बबीन्याला आमच्या संघाच्या ऑफिसात असलाच फळा हाय, बारा वर्षं झाली. हललेला न्हाई.

इंदूताई : तुमचं ऑफिस वेगळं, सुबेदारजी. इथं भजन असतं, बारशी होतात. भिंतीवर लोकांची नावं टांगून ठेवायची म्हणजे बरं दिसतं का?

कांचन : आधी तू म्हणाली मारुती पेंटरचं अक्षर खराब आहे. मग म्हणाली खडू उडतो, तुला खोकला होतो. मी सफेद बोर्ड सांगितला तर पेनचा वास येतो. आता भिंत. मतलब, तुला बोर्डच नको आहे.

इंदूताई : नको कुठं म्हणाले? विचारते आहे फक्त.

कांचन : विचारायला तीन दिवस होते ना. तीन दिवस तू त्या बाकावर बसून होती. सगळे खाली जाजमावर गोल करून बसले, तू एकटी वर. मी किती वेळा म्हटलं, ये, खाली ये. नाही आली.

इंदूताई : गुडघे आहेत मला. तुझ्यासारखी चटकन मांडी घालून उठता येत नाही.

कांचन : बरं. पण बोलायला गुडघे लागत नाहीत. पहिल्या दिवशी एक वाक्य बोलली, की वस्तू एका महिन्यात परत आलीच पाहिजे, मुदतवाढ नाही. बस. त्याच्यानंतर तोंड बंद. आता सगळे आपापल्या घरी निघाले, पाच वाजता पेंटर येणार, उद्या उद्घाटन आहे, आणि तुझा खिळा निघाला.

सुबेदार : पोरी, जरा सबुरीनं. ताईंचं वय बघ.

कांचन : काका, मी परेशान झाली आहे. सहा महिने मी ह्या चार संस्थांच्या मागे फिरते. मोठ गावच्या व्यापारी समितीकडे चार वेळा गेली. गरौठ्याच्या महिला केंद्रात जायला तीन वेळा बस बदलली. तुमच्याकडे बबीन्याला सहा वॉकर धूळ खात पडलेले, आणि गरौठ्याला एक म्हातारा माणूस वॉकर नाही म्हणून अंगण पण बघू शकत नव्हता. आणि ह्या सगळ्यांना तेव्हा एकमेकांचा फोन नंबर पण माहीत नव्हता.

सुबेदार : ते खरं हाय. आमचे वॉकर मलाच ठाऊक न्हवते. ताडपत्रीखाली होते.

कांचन : म्हणून तर म्हटलं, सगळं एका ठिकाणी आणू. व्हीलचेअर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या. मंडळाच्या मागच्या खोलीत ठेवू, कारण स्टेशनपासून जवळ. आणि नियम कुणी एकाने बनवायचे नाहीत. ज्याला जे वाटेल ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव न टाकता. भिंतीवर लावायचं. मग सगळ्यांनी आपल्याला पटलेल्या चिठ्ठीवर टिकली लावायची. जिथे जास्त टिकल्या तो नियम. ह्यात लहान मोठं कुणी नाही. माझ्या शिक्षणातली हीच एक गोष्ट मला खरी वाटली, आजी, आणि ती मी इथे करून दाखवायला आली. माझ्या स्वतःच्या घरी.

इंदूताई : केलीस की. कोण नाही म्हणतं. मोठचे ते मधुसूदनजी तर तुझी तारीफ करताना थकत नव्हते.

कांचन : तू असं बोलते ना, तेव्हा ते तारीफ नाही वाटत.

सुबेदार : हे बगा, वेळ चाललाय. पेंटरला द्यायचा मजकूर पक्का करू. पयला नियम काय?

कांचन : पहिला, एकतीस टिकल्या. सामान देताना फोटो काढायचा, बॅनरसोबत, आणि चारही संस्थांच्या ग्रुपवर टाकायचा. मोठवाल्यांची चिठ्ठी. दुसरा, अठ्ठावीस टिकल्या. हॉलमध्ये बोर्ड, त्यावर कोणती वस्तू कुणाकडे आहे त्याचं नाव आणि मोहल्ला.

सुबेदार : ती माझी. एका नजरेत कळतं, कुणाकडं काय इश्यू झालंय. रजिस्टर उघडायची गरज न्हाई. वस्तू गहाळ होत न्हाई.

कांचन : आणि तिसरा तुझा आहे आजी, बावीस टिकल्या. एक महिन्यात परत. तुझा नियम बोर्डवर जाणार आहे तरी तुला राग.

इंदूताई : टिकल्या, टिकल्या. कान किटले माझे. दुसरं काही मिळालं नाही तुला मत द्यायला?

कांचन : नाही मिळालं. ते गोल रंगीत स्टिकर येतात, ते पूर्ण सदर बाजारात नव्हते. दुकानवाला म्हणाला, दीदी, ही बिंदी घेऊन जा, हीपण चिकटते. मोठ्या लाल, पाकिटात तीन. मला तर खूप मस्त वाटलं. आपल्या इथलं, सोपं. सगळ्यांना एकेक पाकीट.

सुबेदार : मीच वाटली ती. ओळीनं. बेचाळीस माणसं, बेचाळीस पाकिटं. ज्याच्या त्याच्या हातात ठेवली, कुणाला सोडलं न्हाई. मी सोता तीन टिकल्या चिकटवल्या भिंतीला. बायकोला सांगितलं असतं तर हसून मेली असती.

कांचन : कुणाला सोडलं नाही ना? मग हे सांगा मला, काका. बेचाळीस गुणिले तीन, एकशे सव्वीस. भिंतीवर एकशे पाच आहेत. एकवीस कुठे गेल्या?

इंदूताई : मोजताना चुकली असशील.

कांचन : तीन वेळा मोजल्या. आणि चूक नाही, कारण हे बघ. आता जाजम उचललं तर खिडकीच्या बाजूला त्याच्या खाली मिळाली. सात पाकिटं. फोडली पण नाहीत.

इंदूताई : दे इकडे. फडताळात टाकते.

कांचन : थांब. फडताळात नाही टाकायची. सात जणांनी माझ्या कामाला जाजमाखाली सरकवून दिलं आहे. तोंडावर सांगितलं असतं ना, की कांचन, हे पोरखेळ आहेत, आम्हाला नाही जमत, तर चाललं असतं. पण समोर बसायचं, पोहे खायचे, मान हलवायची, आणि पाकीट खाली सरकवायचं. ह्याला काय म्हणतात, आजी? तुमच्याच मंडळाच्या बायका होत्या त्या बाजूला.

इंदूताई : त्या बायकांना काही बोलू नकोस.

कांचन : का नाही बोलू? एका तरी बाईने सांगावं काय चुकलं माझं.

सुबेदार : कांचन, दम धर. खिडकीकडच्या लाइनीत कोण कोण होतं?

कांचन : मला सगळ्यांची नावं नाही माहीत. तुम्ही वाटली, तुम्हाला माहीत असतील.

सुबेदार : मला लाइन ध्यानात ऱ्हाते. दाराकडनं पुष्पाबाई, तिनं लावल्या टिकल्या, मी बघितलं. मग खिडकी लागली. अनुसूयाबाई. पार्वतीबाई. शकुंतलाबाई, त्या रेल्वेतल्या जोशींच्या. भानुमतीवहिनी. त्या दोघी बहिणी, गणपतीच्या देवळामागं ऱ्हातात त्या. सहा झाल्या. आणि सातव्या... सातव्या ताई तुमी. बाकावर.

इंदूताई : झालं ना आता? चला, नियम लिहून घ्या.

सुबेदार : माझ्या हातानं दिली की हो मी.

कांचन : काय दिली? काय झालं, काका?

सुबेदार : अनुसूयाबाईंनी हात पुढं केलाच न्हवता. मला वाटलं ऐकू कमी येतं. मी त्यांच्या मांडीवर ठेवलं पाकीट. वर म्हणालो, घ्या बाई, लाजता काय.

कांचन : मला कुणी सांगणार आहे का?

सुबेदार : पोरी, ह्या सातीजणींचे मालक गेलेत. सगळ्या विधवा हायेत. आणि मी भरसभेत एकेकीच्या हातात लाल टिकल्यांचं पाकीट ठेवत गेलो. परक्या पुरुषानं.

कांचन : पण... ती टिकली कपाळाला नव्हती लावायची. कागदाला लावायची होती.

इंदूताई : ठाऊक आहे आम्हाला. खुळ्या नाही आम्ही.

कांचन : मग? आजी, तूच मला सांगितलं की हे सगळं मानायचं नाही. आईला पण तूच म्हणाली, बाबा गेल्यावर. की टिकली काढू नकोस, रंगीत नेस. तू भांडली होती सगळ्यांशी.

इंदूताई : भांडले. आजही भांडेन. मी मानत नाही गं. पण मानत नाही म्हणून बेचाळीस माणसांसमोर ते पाकीट फोडायचं, उठायचं, भिंतीपर्यंत चालत जायचं आणि सगळ्यांनी बघायचं की आता ही काय करते, हे वेगळं आहे. पार्वतीची जाऊ समोर बसली होती. तिनं घरी जाऊन चार दिवस त्याचंच काढलं असतं. पार्वतीचं सोड. माझाही हात उठला नाही. आता लाज वाटते त्याची. पण नाही उठला.

कांचन : तर तेव्हाच सांगायचं. कानात सांगायचं मला.

इंदूताई : काय सांगू? तू तिथं उभी, एवढी खुशीत. सगळ्यांना सांगत होतीस, इथं लहान मोठं कुणी नाही. त्यात मध्येच म्हणू, की बाई, आम्ही सातजणी आहोत?

सुबेदार : मी एकदा सुट्टीवर गेलो, साताऱ्याला. आईसाठी काचेच्या बांगड्या घेतल्या, जबलपूरच्या. वडील जाऊन वरीस झालं होतं. माझ्या टाळक्यातच आलं न्हाई. म्हातारीनं घेतल्या. उशीखाली ठेवल्या. तीच चूक केली मी परत. पन्नास वर्षांनी.

कांचन : मी हरभऱ्याचे दाणे घेतले असते. काही पण घेतलं असतं. एक डबा ठेवला असता.

इंदूताई : रडू नकोस. तू शिकून आलीस ते तुझ्या पुस्तकात नव्हतं, एवढंच. आणि मत आम्ही दिलं. पोह्यांच्या बशा आवरायला सातजणी थांबलो तेव्हा बोललो आपापसात. दोन मिनिटांत झालं आमचं.

कांचन : काय ठरलं?

इंदूताई : जाऊ दे आता.

कांचन : नाही, जाऊ नाही द्यायचं. एकवीस मतं आहेत. कोणत्या चिठ्ठीला?

इंदूताई : ती कोपऱ्यातली. पिवळी.

कांचन : 'वस्तू नेताना कुणी पाहू नये.' ही? हिला एकपण टिकली नाही.

सुबेदार : ही मराठीत हाय. म्हंजे मंडळातलीच कुणीतरी लिहिली.

कांचन : मीच वाचून दाखवली होती, हिंदीत. मधुसूदनजी म्हणाले, क्यों, चोरी का माल है क्या.

इंदूताई : आणि हॉल हसला. तूही हसलीस.

कांचन : हो. मी पण हसली.

सुबेदार : मी पण.

कांचन : सगळी एकवीस मतं हिला दिली तरी ही एकवीसच होते, आजी. फोटोला एकतीस आहेत. बोर्डला अठ्ठावीस. मी गिनती नीट केली असती तरी तुम्ही हरला असता.

इंदूताई : तेच तर. म्हणून म्हणते, लिहून घ्या आणि मोकळे व्हा.

सुबेदार : ताई, एक विचारू? रागवू नका. ह्या चिठ्ठीतली वस्तू कोणती?

इंदूताई : कोणती म्हणजे? कुठलीही.

सुबेदार : तुमी परवा आलात तेव्हा मी दारात होतो. रिक्षावाल्याचा हात धरून उतरलात. मग भिंतीला हात लावत लावत बाकापतूर. तुमी बाकावर बसता ते मांडी घालता येत न्हाई म्हणून न्हाई. खाली बसलात तर कुणीतरी उचलावं लागंल.

कांचन : आजी, दंडाला लागलं होतं तुला राखीच्या वेळी. काळंनिळं. तू म्हणाली कपाटाचं दार लागलं.

इंदूताई : न्हाणीत पडले होते.

कांचन : कधी? किती वेळ?

इंदूताई : उठता येईपर्यंत. दूधवाला येऊन हाका मारून गेला. ओ दिली नाही मी. त्या अवस्थेत त्यानं आत यायचं?

कांचन : मागच्या खोलीत कमोडच्या तीन खुर्च्या ठेवल्या आहेत. खोलीची किल्ली तुझ्या कमरेला आहे.

इंदूताई : आहे. चार वेळा उघडली ती खोली. खुर्ची बाहेर काढली, पुसली, बसूनही पाहिली एकदा. आणि परत जागेवर ठेवली. काय सांगायचं लोकांना? ह्या हॉलची चिटणीस आहे मी तीस वर्षं. ह्या हातांनी किती जणांना दिलं. मागे मंडळानं एका बाईला व्हीलचेअर दिली तेव्हा मीच म्हटलं होतं, इकडे बघ, फोटो काढायचा आहे, जरा हस. ती हसली. मला तेव्हा काही वाटलं नाही. आता रोज सकाळी आठवते ती. मी रिक्षात कमोडची खुर्ची घालून आमच्या गल्लीतून जायचं, आणि इथं फळ्यावर खडूनं माझं नाव, मोहल्ला आणि पुढं 'कमोड'. भजनाला येणाऱ्या प्रत्येकीनं वाचायचं. त्यापेक्षा न्हाणीत पडलेली बरी.

कांचन : तू मला तरी सांगायचं.

इंदूताई : तुलाच तर सांगितलं. चिठ्ठीवर. तू म्हणालीस ना, नाव न टाकता लिहा.

सुबेदार : फळा रद्द.

कांचन : काका, अठ्ठावीस मतं आहेत.

सुबेदार : माझी चिठ्ठी होती, मी मागं घेतो. ज्याची चिठ्ठी त्याला परत घेता येत न्हाई असा नियम कुठं हाय तुझ्यात? म्हंजे, फळा लावू, पण नावं न्हाईत. रायफलीला नंबर असतो. कोतात, म्हंजे हत्यारांच्या खोलीत, बघितलं की कळतं, चार नंबर बाहेर हाय. कुणाकडं हाय ते रजिस्टरात. आणि रजिस्टर कुलपात, चिटणीसबाईंच्या कपाटात. मला गहाळ होण्याची काळजी होती, ती मिटली. बाकी मला कुणाचं नाव वाचून काय करायचंय?

कांचन : आणि फोटो? एकतीस मतं आहेत. ते लोक फोटोशिवाय नाही ऐकणार. त्यांच्या समितीला दाखवावं लागतं.

सुबेदार : खुर्चीचा काढू दे की. मोकळ्या खुर्चीचा. बॅनर लावा, हार घाला, काय पायजे ते घाला. माणूस त्यात नको.

कांचन : मी आत्ता मधुसूदनजींना फोन करते. ते माझ्यावर ओरडणार. तीन दिवस मीच म्हणत होती की बहुमत म्हणजे बहुमत.

इंदूताई : माझं नाव सांगू नकोस त्यांना.

कांचन : नाही सांगणार. सांगेन की माझी मोजणी चुकली. ते खरंच आहे.

सुबेदार : तू फोन कर. तोवर मी जीप मागच्या दाराला लावतो. मला बबीन्याला जायचंय, वाटेत ताईंची गल्ली हाय.

इंदूताई : सुबेदारजी, तुम्ही नका उचलू. तुमची पाठ.

सुबेदार : ॲल्युमिनियमची हाय ती, वजन कसलं. आणि वर ताडपत्री टाकतो. वॉकर झाकायला होती तीच. बघणाऱ्याला वाटंल फौजेचं सामान हाय, जवळ येऊन विचारायचं कुणाला धाडस होत न्हाई.

इंदूताई : गल्लीच्या तोंडाशी पानवाला बसतो. तो विचारेल.

सुबेदार : विचारू दे. सांगतो, देवघराचा चौरंग हाय.

इंदूताई : अहो, काहीतरीच काय बोलता.

सुबेदार : बरं, न्हाई सांगत. मी कोणती नेऊ तेवढं दाखवा.

इंदूताई : सामानाच्या यादीतली चार नंबर. तिचे पाय खाली-वर करता येतात. बाकी दोन्ही मला उंच होतात. पण मारुती पेंटर येऊन जाऊ दे आधी. पाचला येतो म्हणालाय, सव्वापाचला जाईल. तोवर मी इथंच बसते.

कांचन : आजी, मी रजिस्टर आणलं. नवं आहे, पहिलंच पान. तुझं नाव टाकू, की फक्त नंबर?

इंदूताई : पूर्ण टाक. कुलपात राहणार आहे ना? मग खोटं कशाला लिहायचं. इंदुमती नीलकंठ पेंढारकर.

कांचन : वस्तू चार नंबर. नेली ती तारीख आजची. आणि परत करायची? तुझाच नियम आहे, एक महिना, मुदतवाढ नाही.

इंदूताई : तो रकाना मोकळा सोड, बाळ.